खिशातलं दाभण

आमच्या कंपनीत खिशाला पेन लावणारे पुष्कळ होते, पण पेनाशेजारी दाभण लावणारा माणूस एकच. गोण्या शिवायचं ते लांब, जाड, टोकाशी किंचित वाकलेलं दाभण. त्यांच्या घरी पूर्वी कांदा व्हायचा आणि चाकणच्या बाजारात जाणाऱ्या गोण्या त्याच दाभणाने शिवल्या जायच्या. पुढे शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, कांदा गेला, गोण्या गेल्या, दाभण तेवढं उरलं. ते खिशाला लावून हा गृहस्थ पेंट शॉपचा सुपरवायझर झाला आणि दिसेल त्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडत सुटला.

मी तेव्हा चाकणच्या त्या कंपनीत क्वालिटी विभागात होते. गाड्यांचे लोखंडी भाग रंगवून मोठ्या कंपन्यांना पुरवायचे, हा आमचा धंदा. माझी लॅब म्हणजे पेंट शॉपला चिकटलेली काचेची खोली. त्यामुळे इच्छा असो नसो, दिवसभर हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर असायचा. तोंडावर सगळे त्यांना ‘दादा’ म्हणत आणि पाठीमागे ‘टोच्या’. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्ही नावांना ते ओ देत.

दादा मोशीचे, मूळ गाववाले. दाराशी काळी भलीमोठी गाडी, गळ्यात साखळी, बोटात अंगठी. नोकरी करायची त्यांना काडीची गरज नव्हती. आपल्या कामगारांच्या चौपट ऐटीत ते कामावर यायचे आणि आल्या आल्या अंगठी काढून, रंगाने बरबटलेला झगा चढवून रंग मारायच्या बूथमध्ये शिरायचे. मी एकदा विचारलंच, “दादा, तुम्ही नोकरी कशाला करता?”

“मंग काय करू ताई? म्हशीबी इकल्या आता.”

हे उत्तर खरं होतं की नाही कोण जाणे. पण नोकरीची गरज नसलेला माणूस नोकरीत किती तापदायक असतो, हे आमच्या साहेबलोकांना पुरेपूर कळलं होतं. कुणी आवाज चढवला की दादा शांतपणे म्हणत, “काढा की मला. हाय काय अन् न्हाई काय.” मग आवाज आपोआप उतरायचा.

बाटल्यांचं वेड मात्र वेड वाटावं इतकं होतं. मोशीतल्या मंगल कार्यालयात लग्न असलं की पंगती उठल्यावर हे खुर्च्यांखाली वाकून बाटल्या गोळा करणार आणि टोच, टोच, टोच. नवरीचा बाप पाठवणी विसरून यांच्याकडे बघत बसणार. एकदा सोसायटीच्या फाटकाशी फिनाईल आणि ॲसिड विकणारा हातगाडीवाला उभा होता. आपल्याकडे हा माल कशात मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत. दादांनी गाडी मधोमध थांबवली, खाली उतरले आणि त्याला विचारलं, “तुझी पोरं काय पित्यात रे?” तो गोंधळून म्हणाला, “कोल्ड्रिंक.” “मंग हे काय हाय?” मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, पण त्या बिचाऱ्याने उत्तर देईपर्यंत दादा हलले नाहीत.

आता या वेडाचं मूळ सांगते, म्हणजे हसायचं किती ते ठरवता येईल. तळवड्यापासून चाकणपर्यंत जेवढ्या लहानमोठ्या शेड आहेत, तिथे थिनर, गंज काढायचं द्रावण, तेल धुवायचं रसायन, सगळं मोठ्या ड्रममध्ये येतं. मशीनवर लागतं वाटीभर. ड्रम कोण ढकलत नेणार? मग शेजारी पडलेली पाण्याची बाटली घ्यायची, भरायची, न्यायची. हे आपण इतक्या सहज करतो की त्यात चूक आहे असं कुणाला वाटतच नाही. थिनरला निदान वास तरी येतो. पण आमच्याकडे गंज काढायला जे द्रावण यायचं ते स्वच्छ, नितळ आणि रंगाच्या त्या दर्पात वास न जाणवणारं. पोटात गेलं तर आतडी जाळणारं. मे महिन्यात पत्र्याची शेड तापते, घसा सुकतो, माणूस हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो.

दादांचा हिशेब सरळ होता. “बाटली हाय तवर भरली जानार. भोक पाडलं की इषय संपला.”

शॉपमध्ये नवा माणूस आला की ते त्याला पहिल्याच दिवशी समोर उभं करत आणि त्यांचं ते एकुलतं एक भाषण ठोकत. “ऐक. तुज्या नावाफुडं श्री. लागंल, चि. लागंल, लग्नाच्या पत्रिकेत काय वाट्टंल ते लागंल. कै. लागता कामा न्हाई. म्या हितं हाय तवर तर न्हाईच न्हाई.” नवा माणूस घाबरून जुन्यांकडे बघायचा. जुने मान डोलवायचे, म्हणजे, सवय होईल.

हे केवळ बाटल्यांपुरतं नव्हतं. आमच्याकडे दोन डब्यांतून कालवून मारायचा रंग सुरू झाला. त्याची वाफ छातीत बसली की दमा कायमचा घरजावई होतो. त्यासाठी तोंडावर घट्ट बसणारा, दोन्ही बाजूंना गाळण्या असलेला मास्क आला. पोरं तो गळ्यात अडकवायची आणि तोंडाला रुमाल बांधायची. दादांनी स्वतः मास्क लावून पाहिला, तर रंगाचा वास येतोय! कारण मधे दादांची मिशी. ती साधी मिशी नव्हती. मोशीच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या आखाड्यात पंच म्हणून मिरवलेली, तेलपाणी केलेली मिशी. मिशीच्या केसांतून हवा आत शिरते आणि मास्क नुसता शोभेचा होतो, हे त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी ते सफाचट होऊन आले.

आता आपल्याकडे पुरुषाने मिशी काढली म्हणजे त्याचे वडील गेले. दादांचे वडील होते ठणठणीत. न्हाव्याकडून बातमी गावात गेली आणि दुपारी दोन-चार पाव्हणे दुखवट्याला दारात हजर! म्हातारबा ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. स्वतःच्याच दुखवट्याला आलेल्या माणसांना त्यांनी चहा पाजला आणि संध्याकाळी लेक आल्यावर काठी उचलली.

“आरं, म्या जित्ता हाय की आजून! कुनाच्या नावानं काढलीस?”

“रंगाच्या,” दादा म्हणाले.

ही हकीकत ते स्वतःच रंगवून सांगत आणि सांगून झालं की समोरच्याच्या दाढीकडे बघत. पेंट शॉपमधल्या दाढ्या महिन्याभरात उतरल्या. एरवी पोरं ऐकती ना.

पण दादा नेहमी बरोबरच असत असं कुणी समजू नये. तऱ्हेवाईक माणूस चुकतोही तितक्याच जोरात. बाटल्यांना भोकं पाडण्याच्या नादात कामगारांनी घरून भरून आणलेल्या बाटल्याही त्यांनी फोडायला घेतल्या. कंत्राटी पोरं बिचारी खोलीवर राहणारी, त्यांच्यापाशी दुसरं भांडं कुठलं? बीडकडचा एक उंच, शिडशिडीत गडी होता, पुढेही त्याचा उल्लेख येईल. त्याच्या बाटलीतून पाण्याची धार लागली तसा तो थेट दादांच्या अंगावर गेला.

“बाटली कामून फोडायलात? पानी काय वंजळीनं प्यावं का आम्ही?”

मी काचेतून बघत होते. दादांनी दाभण खिशात ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या काळ्या गाडीची डिकी उघडली आणि आत तांबेच तांबे. काही स्टीलचे, काही पितळेचे, आहेराचे, वर्षश्राद्धाला वाटलेले, पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर साठलेले. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत त्यांच्यावर नावं घातलेली. आणि बहुतेक नावांच्या आधी ‘कै.’ आणि नंतर ‘यांच्या स्मरणार्थ’. पोरांनी तांबे हातात घेतले, अक्षरं वाचली आणि एकमेकांकडे बघायला लागली. मेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं तोंडाला कसं लावायचं?

“माज्या आज्याचा तांब्या हाय त्यो,” दादा बीडच्या गड्याला म्हणाले. “बिनघोर पी. त्याचं नाव तांब्यावर आलंय, तुजं येऊ नये म्हनून तर आनलाय.”

त्या दिवसापासून पेंट शॉपमध्ये पाणी तांब्यात, रसायन स्टोअरवाल्याशी भांडून आणलेल्या पिवळ्या कॅनमध्ये आणि बाटली कुठेच नाही, असा कायदा लागू झाला. मांडणीवर रांगेने तांबे उपडे घातलेले असत. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इथे रंगकाम चालतं की पंगती उठतात?

बाकीच्या कंपनीत मात्र पहिले पाढे पंचावन्न. आणि दादांच्या नियमाला कंपनीची मान्यता अशी नव्हतीच, ते नुसतं त्यांचं खूळ म्हणून चालू होतं. ते खूळ एक दिवस प्लँट हेडच्या वाट्याला आलं.

आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं पाहणीला आली होती. प्लँट हेड त्यांना फिरवत होते. ऊन मी म्हणत होतं. डिस्पॅचपाशी पोचेस्तोवर साहेबांचा घसा कोरडा पडला. तिथे एका मशीनच्या कोपऱ्यावर बाटली उभी होती. त्यांनी बोलता बोलता उचलली, झाकण काढलं आणि तोंडाशी नेली. दादा मागून चालत होते. त्यांनी पुढे झेप घेऊन साहेबांच्या हातावर अशी चापट मारली की बाटली उडून पाहुण्यांच्या बुटांवर पडली.

कुणीतरी खाली वाकून बोट बुडवलं, हुंगलं आणि म्हणालं, “पाणी आहे.”

मग हशा पिकला. पाहुणेही हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. “अहो, पाणी आहे ते! साधं पाणी!”

“ह्या बारीला,” दादा म्हणाले. आणि इतक्या माणसांसमोर त्यांनी ती बाटली उचलली, खिशातून दाभण काढलं आणि बुडाला भोक पाडलं.

दुसऱ्या दिवशी दादांना मेमो मिळाला. गिऱ्हाइकासमोर वरिष्ठांवर हात उचलला. लेखी माफी द्या, तोपर्यंत घरी बसा. दादांनी मेमो घडी घालून खिशात ठेवला, तांबे पुसून मांडणीवर उपडे घातले आणि गाडी काढून गेले.

ते गेले आणि बाटल्या आल्या. कुणी मुद्दाम आणल्या नाहीत. पिवळा कॅन लांब पडायचा, म्हणून एकाने एक बाटली भरली, त्याचं बघून दुसऱ्याने. आठवड्याच्या आत माझ्या लॅबच्या खिडकीशीच एक उभी राहिली, स्वच्छ, नितळ, अर्धी भरलेली. मला तहान लागली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. रसायनांच्या लॅबमध्ये काम करणारी मी, पण यात काय आहे ते मला बघून सांगता येत नव्हतं. त्याच संध्याकाळी मी मोशीची वाट धरली. दादांना समजवायचं, दोन ओळींची माफी लिहून घ्यायची आणि माणूस परत आणायचा, असं ठरवून.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. कंपनीत सगळ्यांना माहीत होतं की दादांचा धाकटा भाऊ पाणी समजून बाटलीतलं ॲसिड प्यायला आणि गेला. कुणी म्हणायचं भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, कुणी म्हणायचं घरीच. दादांसमोर हा विषय कुणी काढत नसे. मीही कधी काढला नाही. भावाचं दुःख आहे, म्हणून माणूस असा झालाय, असं म्हणून आम्ही त्यांचं सगळं पोटात घालायचो.

मोशीच्या त्या बंगल्याचं दार एका धिप्पाड माणसाने उघडलं. दादांचाच चेहरा, फक्त वर झुपकेदार मिशी.

“या ताई, दादा मागं हाईत. मी धाकटा भाऊ त्यांचा.”

“अजून किती भाऊ आहेत तुम्हाला?” मी एकदम विचारलं.

“आमी दोघंच.”

मी आत जाऊन खुर्चीत बसले. माझा चेहरा बघून त्या माणसाला काय ते कळलं असावं, कारण तो मोठमोठ्याने हसायला लागला. “ॲसिड पिऊन मेलेला त्यो मीच!” असं म्हणून त्याने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दादा बाहेर आले. मला रागच आला होता. इतकी वर्षं आम्ही ज्याच्यासाठी हळहळलो तो इथे मिशीला पीळ देत बसलाय!

“मग कोण प्यालं होतं दादा?”

“कोन न्हाई.”

“कुणीच नाही? मग तुम्ही हे सगळं…”

“ताई, गोनी भरली की शिवायची असती. कांदा रस्त्यावर सांडल्यावर दाभन हुडकून काय उपेग? कुनीतरी मेल्याबिगर अक्कल यायची न्हाई, ह्यो कुठला कायदा काढलाय तुमी शिकलेल्या लोकांनी?”

“पण ती भावाची गोष्ट तुम्ही खोडून का नाही काढली?”

दादा पहिल्यांदाच थोडे ओशाळले. “ऐकून चार जन बाटली खाली ठिवत हुते. मंग कशाला खोडू? ह्याला इचारलं, मेला म्हनत्यात तुला, चालंल का? ह्यो म्हनला, चालतंय की.”

धाकट्याने मान डोलवली. मी हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग माफीचं काढलं. दोन ओळी लिहा, परत या, बाटल्या परत आल्यात, असं सांगितलं. बाटल्या आल्यात म्हटल्यावर त्यांचा हात खिशाकडे गेला. पण त्यांनी मान हलवली.

“माफी मागितली तर त्याचा अर्थ, त्या दिशी बाटली बरूबर व्हती अन् मी चुकलो. मंग उद्या कोनबी पिईल. ते व्हायचं न्हाई. नोकरी गेली तरी चालंल.”

त्या घरातून निघाले तेव्हा मी ठरवलं, आता हा माणूस माफी न मागताच परत आला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बीडच्या त्या गड्याला गाठलं. ज्याची बाटली फुटली होती तोच आता सगळ्यांच्या पुढे होता. आम्ही दोघांनी कंपनीभर फिरून जिथे जिथे बाटली दिसेल तिथून ती उचलली. मशीनवरून, खिडकीतून, जिन्याखालून, कँटीनच्या मागून. झाकणं घट्ट लावली, बाहेरून पुसली, ट्रॉलीत ठेवली आणि ट्रॉली सरळ प्लँट हेडच्या केबिनमध्ये ढकलली. ते काही म्हणायच्या आत बाटल्या त्यांच्या टेबलावर मांडून झाल्या.

“हे काय आहे?”

“सर, यातलं पाणी कोणतं आणि द्रावण कोणतं, तेवढं सांगा. झाकण न उघडता. सांगितलंत तर दादांची माफी मी लिहून देते.”

साहेब चिडून उठले, मग बसले. बाटल्यांकडे बघायला लागले. सगळ्या सारख्याच. एक उचलून उजेडाकडे धरली, ठेवली. दुसरी उचलली. शेवटी त्यांनी सवयीने पाणी प्यायला हात पुढे केला आणि तो हात तसाच थांबला. त्यांची रोजची बाटली टेबलावरच असायची. बीडच्या गड्याने मांडामांड करताना ती कुठे सरकवली होती कोण जाणे. त्यांना आपली बाटली ओळखता येईना.

“माझी कोणती यातली?” त्यांनी हळूच विचारलं.

“आम्हाला बी काय म्हाईत, साहेब,” गडी म्हणाला.

साहेबांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, “सगळं उचला इथून. माझी पण.” आम्ही ट्रॉली दाराशी नेली तेव्हा मागून आवाज आला, “आणि त्यांना म्हणावं, सोमवारी या.”

सोमवारी दादा आले. माफी नाही, खुलासा नाही. नियम मात्र कंपनीभर लागला, साहेबांच्या सहीने. साहेब स्वतः पेंट शॉपमध्ये येऊन पाणी मागते झाले. दादांनी त्यांना आज्याच्याच तांब्यातून पाजलं आणि वर विचारलं, “गोड हाय का?” माणूस खट्याळ होता तो होताच.

दादा निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण लिहायचं काम माझ्यावर आलं. लिहायला बसले आणि अडले. कुणी उत्पादन वाढवलेलं असतं, कुणी बक्षीस आणलेलं असतं. दादांच्या नावावर काय मांडायचं? त्यांच्या शॉपमध्ये काही घडलंच नाही. कुणी भाजलं नाही, कुणी दम्याने अंथरुणाला खिळलं नाही, कुणी चुकून काही प्यायलं नाही. न घडलेल्या गोष्टींसाठी टाळ्या कशा मागायच्या? मी कागद बाजूला ठेवला आणि कार्यक्रमात हेच बोलले. टाळ्या बेताच्याच पडल्या.

मग पेंट शॉपची पोरं पुढे आली. बीडच्या गड्याच्या हातात रुमालात गुंडाळलेला नवाकोरा पितळी तांब्या होता. आळंदीच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन त्याच्यावर नावं घालून आणली होती. दुकानदाराने म्हणे विचारलं, “एवढी नावं? कै. कुणाकुणाला लावू?” गडी म्हणाला, “कुनालाच न्हाई.” गळ्यापासून बुडापर्यंत, गोल गोल, दादांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाचं नाव. सोडून गेलेले, गावी परतलेले, कुणाकुणाला फोन करून विचारून घेतलेले. आणि सगळ्यात खाली दोनच शब्द, ‘सगळे हयात.’

दादांनी चष्मा लावला. तांब्या फिरवत, ठिपक्यांवरून बोट नेत ते एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या नावाला मागून कुणीतरी सवयीने “हाय” म्हणालं. मग दुसरा. मग ती हजेरीच सुरू झाली. जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी ओरडायचं, “हाय दादा, परवाच फोन झालाय.” भाषणाला न वाजलेल्या टाळ्या आता कुणाला आठवतही नव्हत्या. प्लँट हेड उभे राहून ऐकत होते.

शेवटचं नाव बीडच्या गड्याचं होतं. दादांनी ते वाचलं. उत्तर आलं नाही. पुन्हा वाचलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलत होते.

“आरं, हायस का न्हाईस?” दादा ओरडले.

“हाय की दादा,” तो वळून म्हणाला, “हाय!”